एका औषधाला दुसऱ्याची जोड : कॅन्सरच्या औषधचाचण्या, पिंपरी ते परळ

शरीरभर पसरलेल्या कॅन्सरवर एकाच वेळी दोन-तीन औषधे देण्याची रीत क्षयरोगाच्या उपचारातून आली. स्ट्रेप्टोमायसिन हाती आले तेव्हा क्षयाचे रुग्ण सुरुवातीला झपाट्याने सुधारत आणि काही महिन्यांत पुन्हा खालावत. जंतूंतले थोडे औषधाला दाद न देणारे निघत, तेच वाढत आणि मग तेच औषध निरुपयोगी ठरे. १९५० मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने स्ट्रेप्टोमायसिनला ‘पास’ या दुसऱ्या औषधाची जोड देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या औषधाला चुकवणारा जंतू दुसऱ्याला सापडतो, म्हणून दोन्ही एकत्र दिली तर प्रतिकाराला वाव उरत नाही, असे त्यातून दिसले. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या केंद्राने पुढचे पाऊल टाकले. गरीब वस्तीतल्या रुग्णांना चिठ्ठ्यांच्या पद्धतीने दोन गटांत विभागून एका गटाला सॅनिटोरियममध्ये आणि दुसऱ्याला घरीच आयसोनियाझिड व पास ही जोडी देण्यात आली. १९५९ मध्ये निकाल आला, तेव्हा घरी राहिलेल्यांची प्रकृती सॅनिटोरियमवाल्यांच्या तोडीने सुधारलेली होती. औषधांची जोडी, ती घेण्याची जागा आणि रुग्णाचा खिसा या तिन्ही गोष्टी एकाच चाचणीत तपासण्याचा हा भारतातला आरंभीचा मोठा प्रयोग होता. महाराष्ट्रातल्या कॅन्सरच्या चाचण्या साठ वर्षांनी याच वाटेवर आल्या.

या इतिहासातला एक धागा पुण्याजवळच्या दिघीच्या शेजारून जातो. दिघीहून भोसरी ओलांडून पिंपरीत शिरले की ‘एचए’चा परिसर लागतो. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातली देशातली पहिली औषध कंपनी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने ती १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादनही पुढे पिंपरीतच सुरू झाले. तोवर ही औषधे परदेशातून आणावी लागत. त्यामुळे ‘हे औषध त्याच्याबरोबर देऊन पाहू’ हा विचार डॉक्टरच्या मनात आला तरी बाजारात माल मिळेल का, या प्रश्नापाशी अडे. औषध देशात, परवडेल अशा भावात तयार होणे ही जोडणीच्या चाचणीची पहिली अट आहे. ग्रंथांत तिचा उल्लेख क्वचित सापडतो, पण पुढची सगळी हकीगत याच अटीभोवती फिरते.

कॅन्सरवर औषध चालू शकते हेच मुळात १९४० च्या दशकात कळले. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिले आणि त्यांतल्या १० मुलांत रोग काही काळ ओसरला. १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झाले. हे रसायन पुरवणाऱ्या लेडर्ले प्रयोगशाळेतल्या संशोधनाचे सूत्रधार होते आंध्रातून अमेरिकेला गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट पुढे अधिक सुरक्षित ठरले आणि त्याने अमिनोप्टेरिनची जागा घेतली. या औषधाचे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण सत्तर वर्षांनी मुंबईतल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या चाचण्यांत ते पुन्हा भेटते.

मुलांमधली सुधारणा मात्र टिकत नसे. रोग परत येई आणि या वेळी औषधाला दाद देत नसे. क्षयाचा धडा इथे कामी आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्राय आणि एमिल फ्रायराइक यांनी १९६० च्या दशकात व्हिन्क्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन आणि प्रेडनिसोन ही चार औषधे एकत्र दिली. यातले व्हिन्क्रिस्टिन अंगणातल्या सदाफुलीपासून मिळते. चारही औषधे पेशीवर वेगवेगळ्या जागी घाव घालतात आणि त्यांचे दुष्परिणामही वेगवेगळ्या अवयवांवर होतात, त्यामुळे प्रत्येकाची पुरेशी मात्रा देता येते. जोडणीचे हे दोन नियम आजही पाळले जातात. १९७० मध्ये व्हिन्सेंट डेव्हिटा यांनी हॉजकिन्स रोगावरच्या चार औषधांच्या जोडणीचे निष्कर्ष मांडले, १९७६ मध्ये मिलानच्या जियानी बोनाडोना यांनी स्तनाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रियेनंतर द्यायची तीन औषधांची जोडणी सिद्ध केली. बोनाडोनांच्या तीन औषधांतही मेथोट्रेक्सेट होतेच.

परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये या काळात मुख्य भर शस्त्रक्रिया आणि किरणोपचारावर होता. सर दोराबजी टाटा ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू केलेले हे रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. ज्यांचे नाव आज रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आहे ते डॉ. अर्नेस्ट बोर्जेस इथलेच शल्यविशारद. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कॅन्सर आणि इथल्या माणसांच्या सवयी यांचा संबंध तपासायला घेतला. तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर, कंबरेला घट्ट बांधलेले धोतर वा साडी आणि त्या जागचा त्वचेचा कॅन्सर, असे त्यांचे विषय होते. १९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभे राहिले, त्याचे खानोलकर पहिले संचालक. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथे पेशी काचपात्रात वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. १९६६ मध्ये रुग्णालय आणि संशोधन केंद्र एक होऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले.

चाचणीला मोजणीचा आधार लागतो. कोणता कॅन्सर किती जणांना होतो हे ठाऊक नसेल, तर कोणत्या रुग्णांसाठी कोणता प्रश्न विचारायचा हेच ठरत नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीचे संस्थापक डॉ. दारब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या आरंभी मुंबईत देशातली पहिली लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणी सुरू झाली आणि १९७३ मध्ये तिची शाखा पुण्यात आली. पिंपरी-चिंचवडची कारखानदारी वाढत होती त्याच काळात पुणे परिसरातले कॅन्सरचे रुग्ण नावनिशीवार नोंदले जाऊ लागले. पुरुषांमध्ये तोंडाचा आणि घशाचा, तंबाखूशी जोडलेला कॅन्सर किती मोठा आहे, हे अशा नोंदींतून स्पष्ट झाले. पाश्चात्त्य देशांतल्या औषध कंपन्यांचे लक्ष या रोगाकडे कमी, कारण तिकडे तो तुलनेने कमी आढळतो.

भारतात कॅन्सरच्या औषधांच्या जोडणीची एक मोठी संघटित चाचणी झाली ती मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर. १९७० च्या दशकात भारतातल्या चांगल्या केंद्रांतही या रोगातून चार वर्षे निर्धोक पार पडणारी मुले २० टक्क्यांहून कमी होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले इयान मॅग्रथ, टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेश अडवाणी आणि चेन्नई व दिल्लीतले डॉक्टर यांनी मिळून १९८४ मध्ये ‘एमसीपी-८४१’ नावाचा आराखडा आखला. अडवाणी हे लहानपणी पोलिओ झालेले, व्हीलचेअरवरून काम करणारे डॉक्टर. १९८३ मध्ये देशातले पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण त्यांनी केले होते. एमसीपी-८४१ मध्ये नवे औषध एकही नव्हते. अमेरिकेतला आराखडा जसाच्या तसा उचलला असता तर जंतुसंसर्गानेच मुले दगावली असती. म्हणून भारतात मिळणाऱ्या, परवडणाऱ्या आणि इथल्या वॉर्डात पेलवणाऱ्या औषधांचा क्रम बसवला गेला. जोडणी आणि तिच्यासोबत सुधारलेली शुश्रूषा यांमुळे चार वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण तिन्ही केंद्रांत ४५ ते ६० टक्क्यांवर गेले. १९९० ते १९९७ या काळातल्या १,०४८ रुग्णांचा हिशोब २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशी आराखड्याला कात्री लावून आपला आराखडा बेतता येतो, आणि त्याने जीव वाचतात, हा आत्मविश्वास परळला या कामाने दिला. एखाद्या नव्या रेणूच्या शोधापेक्षा त्याचे मोल कमी मानण्याचे कारण नाही.

दरम्यान औषधांच्या भावांची बाजू बदलली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणे थांबवले, वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध तयार करायची मुभा दिली. परिणामी कॅन्सरची अनेक औषधे भारतात जेनेरिक स्वरूपात तयार होऊ लागली. दिघीला लागून असलेल्या भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांबरोबर औषध कंपन्याही आल्या. १९८१ ची एमक्युअर ही त्यांतली ठळक. २०१२ मध्ये रोश या स्विस कंपनीने आपली ट्रास्टुझुमॅब आणि रिटुक्सिमॅब ही महागडी जैविक औषधे कमी किमतीत विकण्यासाठी याच कंपनीशी करार केला. त्याच वर्षी सोराफेनिब या गोळीसाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला आणि महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला. २००५ पासून रेणूवरचे पेटंट पुन्हा लागू झाले असल्याने नवी औषधे मात्र महागच राहिली. पुढच्या चाचण्या जुनी स्वस्त आणि नवी महाग अशा दोन ढिगांतून निवड करून आखाव्या लागल्या.

नियमांची चौकटही याच काळात बसली. १९८८ मध्ये औषध नियमावलीत चाचण्यांसाठी ‘शेड्यूल वाय’ आले. २००५ मध्ये ते सैल झाले आणि परदेशी कंपन्यांच्या चाचण्यांचा ओघ वाढला. भारतातला रुग्ण त्यात किती सुरक्षित, ही शंका आधीपासून होती. १९९९-२००० मध्ये तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कॅन्सर केंद्रात तोंडाच्या कॅन्सरच्या २६ रुग्णांवर एका अमेरिकी प्राध्यापिकेचे रसायन वापरले गेले होते. त्यासाठी तिच्या विद्यापीठाच्या नैतिक समितीची परवानगीच नव्हती, हे २००१ मध्ये चौकशीत उघड झाले. २००७ मध्ये चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि २००९ पासून तिच्यात नोंद सक्तीची झाली. स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना २०१३ मध्ये चाचणीत इजा झाल्यास भरपाईचे नियम आले, आणि मार्च २०१९ मध्ये नवी स्वतंत्र नियमावली. आज रुग्णाला त्याच्या भाषेत लिहिलेले माहितीपत्र वाचून दाखवावे लागते. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा लागतो, आणि ‘कधीही बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार मिळतील’ हे सांगावे लागते. पुढच्या टप्प्यावर पोहोचलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही अट जपणे अवघड असते. हाताशी दुसरे काही उरले नसल्याने तो आणि घरचे कशालाही ‘हो’ म्हणतात. डॉक्टरने इथे ‘चाचणी’ आणि ‘उपचार’ यांतला फरक दोनदा-तीनदा समजावून सांगणे हे कायद्यापेक्षा माणुसकीचे काम आहे.

२०१० नंतर परळहून एकामागून एक अशा चाचण्या आल्या की ज्यांचा प्रश्नच इथल्या ओपीडीत जन्मलेला होता. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर या जनुकात बदल असलेल्यांना गेफिटिनिबची रोज एक गोळी देत. डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी २०१६ ते २०१८ या काळात ३५० रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला नुसती गोळी, दुसऱ्याला गोळी आणि जोडीला पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिनची केमो. रोग न वाढता गेलेल्या काळाचा मध्यक पहिल्या गटात ८ महिने, दुसऱ्यात १६. त्याची किंमतही होती. गंभीर दुष्परिणाम २५ टक्क्यांऐवजी ५१ टक्के रुग्णांत दिसले. जपानमधल्या चाचणीनेही असेच काही सांगितले. २०२३ मध्ये ओसिमर्टिनिब या नव्या, कितीतरी महाग गोळीला केमोची जोड देऊन झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हेच तत्त्व पुन्हा उतरले. परळने ते जेनेरिक गोळीवर आधीच तपासून पाहिले होते.

डोके आणि मानेच्या कॅन्सरचा प्रश्न याहून बिकट होता. रोग परत आला किंवा पसरला की पश्चिमेत २००८ पासून प्लॅटिनम, फ्लुरोयुरॅसिल आणि सेटुक्सिमॅब ही तिहेरी जोडणी प्रमाण मानली गेली. सेटुक्सिमॅबचा खर्च इथल्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून प्रत्यक्षात दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनचे सलाईन एवढेच हाती उरे. त्यासाठी मूत्रपिंड सांभाळायला लिटरच्या लिटर पाणी चढवावे लागते, दिवस जातो, सोबतचा माणूस लागतो. दिघी-भोसरीसारख्या भागातून परळ गाठायचे तर रुग्णाची आणि सोबत येणाऱ्याची दोन-दोन दिवसांची हजेरी बुडते. कंत्राटी कामगाराला तो पगार मिळत नाही.

डॉ. विजय पाटील आणि परळच्या गटाने सिस्प्लॅटिनसमोर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांची जोडी उभी केली. आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब ही सांधेदुखीची गोळी. कमी मात्रा, पण खंड न पाडता. ट्यूमरला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या खुंटवायच्या, हा हेतू. मेथोट्रेक्सेटची मात्रा शरीराच्या प्रति चौरस मीटरला १५ मिलिग्रॅम. शरीराचे पृष्ठफळ दीड चौरस मीटर असलेल्या माणसाला आठवड्याला साडेबावीस मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅमच्या नऊ गोळ्या, ठरलेल्या एकाच वारी. चुकून रोज घेतल्या तर जीव जाऊ शकतो, म्हणून वार नीट समजावणे हा उपचाराचाच भाग.

मे २०१६ ते जानेवारी २०२० या काळात ४२२ रुग्णांनी या चाचणीत भाग घेतला. सिस्प्लॅटिनच्या गटात आयुष्याचा मध्यक ६.१ महिने, गोळ्यांच्या गटात ७.५. गंभीर दुष्परिणाम ३० टक्क्यांऐवजी १९ टक्के. सव्वा महिन्याहून थोडा अधिक फरक वाचणाऱ्याला छोटा वाटेल. पण हे आयुष्य घरात, गोळ्या घेत, सलाईनशिवाय गेलेले आहे. मद्रासच्या क्षयाच्या चाचणीने घर आणि सॅनिटोरियम यांची तुलना केली, तिचाच हा वारसा. परळमध्ये तपासलेल्या जोडणीतले मुख्य औषध फार्बर-सुब्बारावांच्या काळातले निघावे, यात त्या जुन्या औषधाचा मोठेपणा आहे.

पुढची पायरी तिहेरी होती. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. मग त्यात प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या निव्होलुमॅबची भर. या औषधाची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम आणि किंमत तेव्हा लाखांत. परळच्या गटाने दिली ती दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम. त्यामागे तर्क होता. पेशीवरच्या ज्या जागी हे औषध चिकटते त्या जागा अगदी कमी मात्रेनेही भरून जातात, असे सुरुवातीच्या अभ्यासांत दिसले होते. ४० मिलिग्रॅमच्या एका कुपीत दोघांचा डोस निघतो. दोन्ही रुग्ण एकाच दिवशी बोलावले तर थेंबही वाया जात नाही. १५१ रुग्णांवरचे निष्कर्ष २०२२ मध्ये मांडले गेले आणि नंतर प्रसिद्ध झाले. नुसत्या तिहेरी गोळ्यांच्या गटात वर्षभर जगलेले १६.३ टक्के, निव्होलुमॅबची जोड मिळालेल्यांत ४३.४ टक्के. आयुष्याचा मध्यक ६.७ वरून १०.१ महिने. गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत.

या निकालाची मर्यादाही तितक्याच ठामपणे सांगायला हवी. कमी मात्रा ही पूर्ण मात्रेइतकीच परिणामकारक आहे, असे या चाचणीने दाखवलेले नाही. तुलना होती औषध असणे आणि नसणे यांची. दोन मात्रा समोरासमोर ठेवायच्या तर फार मोठी रुग्णसंख्या लागते, आणि आपले औषध एक दशांशाहूनही कमी विकले जावे यासाठी कोणती कंपनी पैसे घालणार? अशी चाचणी सरकारी निधीतूनच व्हावी लागते. शिवाय प्रत्येक जोडणी यशस्वी ठरते असे नाही. मेथोट्रेक्सेट-सेलेकॉक्सिबची हीच जोडी केमो-किरणोपचार पूर्ण झालेल्या, अजून रोग न परतलेल्या रुग्णांना पुढे दीर्घकाळ देऊन पाहिली, तेव्हा काहीच लाभ दिसला नाही. हा नकारात्मक निकालही परळने प्रसिद्ध केला. त्यामुळे इतर डॉक्टर ‘चालते म्हणतात, देऊन टाकू’ या भावनेने गोळ्या लिहीत राहण्यापासून वाचले. स्वस्त औषध म्हणून ते पुराव्याविना द्यावे, असा समज या क्षेत्रात सहज पसरतो, तो अशा निकालांनीच आवरतो.

२०१२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातली रुग्णालये टाटा मेमोरियलशी जोडली. एकाच शहरात पुरेसे रुग्ण जमायला वर्षे लागणारी चाचणी आता अनेक केंद्रांत एकाच वेळी घेता येते. ग्रिडने खरेदीही एकत्र केली. २३ केंद्रांसाठी ४० औषधांचा भाव एकदम ठरवून सुमारे १,३२० कोटी रुपये वाचल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना केमोचा काही खर्च उचलते, मात्र ठरावीक उपचारांच्या यादीपुरता. कोणती जोडणी त्या यादीत असावी हे ठरवताना परळच्या चाचण्यांचा पुरावा हाताशी असतो. परदेशातल्या चाचण्यांवर विसंबून यादी केली तर त्यात इथल्या रुग्णाला न परवडणारी औषधे शिरतात, आणि इथे तपासलेल्या गोळ्या बाहेर राहतात. कमी मात्रेच्या प्रतिकारशक्तिवर्धक औषधांच्या पुढच्या चाचण्या आता देशातल्या अनेक केंद्रांतून चालू आहेत. फुप्फुस आणि इतर अवयवांच्या कॅन्सरमध्ये हाच प्रश्न विचारला जातो आहे.